पिवळ्या गुलाबासाठी थांबलेलं चित्र

डच फुलांच्या चित्रांबद्दल एक गोष्ट आधी कळली पाहिजे, नाहीतर पुढचं सगळंच हातातून निसटतं. ती गोष्ट म्हणजे चित्रातला तो गुच्छ खरा कधी नव्हताच. म्हणजे फुलं खरी, एकेक पाकळी खरी, पानाला अळीने पाडलेलं भोकसुद्धा खरं, पण ही सगळी फुलं एकत्र एका फुलदाणीत कुणी कधी ठेवली नाहीत, कारण तसं करताच येत नव्हतं.

नेदरलँड्समधल्या द हेगच्या मौरित्सहाउस म्युझियममध्ये आम्ब्रोसिउस बोस्खार्ट या चित्रकाराचं १६१८च्या सुमाराचं एक चित्र आहे. मी द हेगच्या जवळच राहते, त्यामुळे वेळ मिळाला की तिथे जाते. बहुतेक लोक येतात ते फर्मीरने काढलेल्या, मोत्याचं डूल घातलेल्या मुलीला बघायला, तिच्यासमोर मोबाइल वर धरून उभी असलेली गर्दी कधी हटतच नाही, आणि त्यामुळेच बोस्खार्टसमोर निवांत उभं राहता येतं. चित्र काही मोठं नाही, उंची जेमतेम ६४ सेंटीमीटर. दगडी कमानीची खिडकी, खिडकीत काचेचं भांडं, मागे निळसर होत गेलेला दूरवरचा मुलूख, आणि मधोमध हा गुच्छ. ट्यूलिप आहेत, गुलाब आहेत, आयरिस आहे, कार्नेशन आहे. आता इथे राहिलं की हे ऋतू अंगवळणी पडतात, ट्यूलिप एप्रिल-मेमध्ये येतात आणि जातात, गुलाब खरे फुलतात ते जूनमध्ये, कार्नेशन त्याच्याही पुढे. १६१८ साली ट्यूलिप आणि कार्नेशन समोरासमोर आणायची कुणाचीही ताकद नव्हती, ना राजाची ना सावकाराची. आणि नीट बघितलं तर त्या भांड्याचं तोंड एवढंसं आहे की एवढे देठ त्यात मावणारच नाहीत, मावले तरी ते भांडं जागच्या जागी कलंडेल. चित्रात मात्र सगळं स्थिर, एकही फूल दुसऱ्याच्या आड गेलेलं नाही, प्रत्येकाला तोंड दाखवायला पुरेशी जागा मिळालेली.

मग हे करायचे कसे? तर वर्षभर. फूल आलं की त्याचा अभ्यास करून ठेवायचा, कागदावर, वॉटरकलरमध्ये, किंवा सरळ त्या मोठ्या चित्रातच त्याची जागा राखून ठेवून ते फूल यायची वाट बघायची. म्हणून तर एकाच चित्रकाराच्या वेगवेगळ्या चित्रांत तेच फूल, त्याच कोनात वळलेलं, तोच पट्टा असलेलं परत परत भेटतं. कागदावरचा अभ्यास जपून ठेवलेला असायचा ना, मग पाच वर्षांनी दुसऱ्या गुच्छात तो पुन्हा फुलायचा.

मला हे जेव्हा नीट समजलं तेव्हापासून मी ही चित्रं वेगळ्या नजरेने बघायला लागले. मला ती आता वाट बघण्याची चित्रं वाटतात. फुलांची तर आहेतच, पण त्याहून जास्त एका माणसाने केलेल्या वाट बघण्याची.

या सगळ्याच्या अगदी सुरुवातीला यान ब्रूखेल आहे, अँटवर्पचा. अँटवर्प आज बेल्जियममध्ये आहे, पण तेव्हा सीमा नुकत्याच आखल्या जात होत्या, युद्ध चालू होतं, आणि धर्माच्या छळामुळे माणसं दक्षिणेकडून उत्तरेकडे जात होती. बोस्खार्टसुद्धा मूळचा अँटवर्पचाच, प्रोटेस्टंट कुटुंब, म्हणून मिडलबर्गला आलेलं. तर हा ब्रूखेल १६०६ साली मिलानच्या कार्डिनल फेदेरिको बोर्रोमेओसाठी फुलांचं चित्र काढत होता आणि त्याला पत्रं लिहीत होता. त्यात तो सांगतो की अँटवर्पमध्ये न मिळणारी काही फुलं प्रत्यक्ष बघून काढायला मी ब्रुसेल्सला जाऊन आलो. एका फुलासाठी दुसऱ्या गावी जायचं, तेही त्या काळातल्या रस्त्यांनी! शिवाय फुलांच्या खाली त्याने एक रत्नजडित दागिना, नाणी आणि शिंपले काढले आणि कार्डिनललाच म्हणाला की आता तुम्हीच ठरवा, फुलं सोन्यारत्नांना मागे टाकतात की नाही. कार्डिनलने त्या दागिन्याची जी किंमत होईल तीच चित्राला दिली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. आणि त्याने आणखी एक लिहिलंय ते मला फार आवडतं, की हिवाळ्यात सगळं बर्फाने गोठलेलं असताना मी ही फुलं बघतो आणि सुगंधाचीसुद्धा कल्पना करतो.

आज हे वाक्य आपल्याला पटकन कळत नाही. कारण आज जानेवारीत मी इथल्या कुठल्याही सुपरमार्केटमध्ये गेले तर दारातच बादल्यांमध्ये ट्यूलिप आणि गुलाब शेजारीशेजारी उभे असतात. गुलाब केनियाहून किंवा इथिओपियाहून विमानाने आलेले, ट्यूलिप ग्रीनहाउसमध्ये फसवून लवकर फुलवलेले. आल्समेरला जगातला सगळ्यात मोठा फुलांचा लिलाव चालतो, तिथे ऋतू नावाची गोष्ट जवळजवळ संपलेलीच आहे. मी याला नावं ठेवत नाही, दिवाळीत इथे झेंडू मिळाला तर मला आनंदच होतो. पण बोस्खार्टच्या चित्रातला मुख्य धक्काच त्यामुळे आपल्याला बसत नाही. त्याच्या काळातल्या माणसाला ट्यूलिपशेजारी गुलाब दिसला की आधी लक्षात येत असणार ते हेच, की असं कधी होत नाही. आपल्याला दिसतो फक्त एक छान गुच्छ.

झेंडूवरून आठवलं, या चित्रांत झेंडूही भेटतो. बारका, लालसर कडांचा, बऱ्याचदा खालच्या बाजूला कुठेतरी. मूळचा मेक्सिकोचा, तिथून स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात आलेला, आणि तेव्हा तो अपूर्वाईचा होता, म्हणून ट्यूलिपच्या पंगतीत बसलेला. आपण तोरणात ओवतो तेच हे घराणं. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चित्रासमोर उभी राहून एकटीच हसले होते.

ट्यूलिपबद्दल फार लिहीत नाही, ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. क्लुसिउस नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ साली लायडनला आला, विद्यापीठाच्या बागेत त्याने कंद लावले, तिथून ट्यूलिपच्या कंदांवर पैसे लावायचं वेड पसरलं, फेब्रुवारी १६३७मध्ये हार्लेमला तो कंदांचा बाजार कोसळला. एवढंच सांगते की ज्या पट्ट्यापट्ट्यांच्या ट्यूलिपसाठी लोक घरदार लावत होते, पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठल्यासारखे ते, त्यांचं ते सौंदर्य म्हणजे एक रोग होता. माव्यामुळे पसरणारा व्हायरस. १९२८ साली डोरोथी केली या इंग्लिश संशोधक बाईंनी हे व्हायरसचं प्रकरण उलगडलं. त्या रोगाने कंद अशक्त होत जायचा, म्हणून तशी फुलं दुर्मिळ आणि म्हणून महाग. सेम्पर ऑगस्टस ही त्यातली सगळ्यात नावाजलेली जात आज शिल्लकच नाही, फक्त कागदावर आणि कॅनव्हासवर आहे.

बोस्खार्टचं स्वतःचं काय झालं तर १६२१ साली तो द हेगला एक फुलांचं चित्र पोचवायला आला होता, राजपुत्र मौरित्सच्या पदरी असलेल्या एका कारभाऱ्यासाठी, किंमत १००० गिल्डर (तेव्हाचं डच नाणं), आणि इथेच आजारी पडून गेला. त्याचे तिन्ही मुलगे आणि बायकोचा भाऊ बाल्थासार फान देर आस्ट, सगळे फुलंच काढणारे. घराण्याची गायकी असते तसं हे घराण्याचं चित्रण होतं, तीच घडण, तीच जागा, आणि तरी प्रत्येकाचा हात वेगळा.

आता एक मतभेदाचा मुद्दा. या चित्रांबद्दल कुठेही वाचा, म्युझियममधला ऑडिओ गाइड ऐका, लगेच सांगितलं जातं की हे सगळं नश्वरतेबद्दल आहे. फुलं कोमेजतात, पाकळी गळालीय बघा, माशी बसलीय बघा, म्हणजे मृत्यू, म्हणजे संसार असार आहे. हे खोटं नाही. मारिया फान ओस्टरवाइकचं १६६८चं चित्र व्हिएन्नात आहे, त्यात फुलांशेजारी सरळ कवटी ठेवलीय, वाळूचं घड्याळ आहे, तिथे शंकेला जागाच नाही. पण प्रत्येक फुलदाणीत कवटी शोधायची ही जी सवय लागलीय ती मला मान्य नाही. ज्या माणसाला फक्त एवढंच सांगायचंय की सगळं नाशवंत आहे, तो एका कार्नेशनच्या कातरलेल्या कडेवर दोन दिवस घालवणार नाही. तो एखादं सुकलेलं फूल काढून मोकळा होईल. इथे तर दवाचा थेंब असा काढलाय की त्यात खिडकीचा उजेड शिरलेला दिसतो. १६६९ साली लंडनमध्ये सिमोन फेरेल्स्ट या डच चित्रकाराचं फुलांचं चित्र बघून सॅम्युअल पीप्सने रोजनिशीत लिहिलंय की पानांवरचे थेंब खरे आहेत की काय म्हणून मी परत परत बोट लावून बघितलं. मृत्यूचा विचार मनात आलेल्या माणसाने असं बोट लावलं नसतं. त्याला मोह झाला होता.

आणि त्या काळातले कलेचे जाणकार म्हणवणारे काय म्हणत होते? सामुएल फान होगस्ट्राटेन, रेम्ब्रांटचा शिष्य, त्याने १६७८ साली लिहिलं की असली चित्रं काढणारे म्हणजे कलेच्या सैन्यातले साधे शिपाई. वर सरदार कोण, तर इतिहास आणि पुराणकथा रंगवणारे. पण बाजार त्याचं ऐकत नव्हता. राखेल राउस या फुलं काढणाऱ्या बाईच्या एकेका चित्राला ७५० ते १२०० गिल्डर मिळायचे असं सांगतात, आणि रेम्ब्रांटला हयातीत क्वचितच ५००च्या वर मिळाले.

मारियाबद्दल अजून थोडं सांगायचंय. तिच्या घरात खेर्ट्ये पीटर्स नावाची मोलकरीण होती. मारियाने तिला रंग कालवायला लावता लावता चित्र काढायलाच शिकवलं, आणि खेर्ट्ये स्वतः फुलांची चित्रकार झाली, तिची चित्रं आजही आहेत. समोरच्या घरात विलेम फान आल्स्ट राहायचा, तोही फुलांचा मोठा चित्रकार, त्याने मारियाला मागणी घातली. हौब्राकेन हा जुना चरित्रकार सांगतो की तिने अट घातली, वर्षभर रोज दहा तास काम करून दाखव. आणि खिडकीतून तो जागेवर दिसला नाही की ती खूण करून ठेवायची. वर्षाअखेर खुणा एवढ्या झाल्या की लग्न झालं नाही. हौब्राकेनच्या गोष्टी सगळ्याच काही खऱ्या धरता येत नाहीत, पण ही खरी असावी असं मला मनापासून वाटतं, कारण फुलांच्या चित्रकाराला दुसरी कुठली परीक्षा लावणार? रोज बसणं, हीच तर परीक्षा.

याच फान आल्स्टकडे १६७९ साली पंधरा वर्षांची एक मुलगी शिकायला आली. राखेल राउस. या बाईबद्दल मी कितीही बोलू शकते. वडील फ्रेडरिक राउस, अ‍ॅमस्टरडॅमचे शरीरशास्त्रज्ञ, प्रेतं आणि अवयव टिकवून ठेवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचा संग्रह पुढे १७१७ साली रशियाच्या पीटर द ग्रेटने ३०,००० गिल्डरला विकत घेतला. मुलीने लहानपण या संग्रहात काढलं, बाटल्यांमध्ये, कोरड्या किड्यांमध्ये, दाबून ठेवलेल्या फुलांमध्ये. तिची बहीण अ‍ॅनाही चित्रकार. राखेलने १६९३ला लग्न केलं, दहा मुलं झाली, आणि काम थांबलं नाही. १७०१ला द हेगच्या चित्रकारांच्या संघात घेतलेली ती पहिली बाई. मग ड्युसेलडॉर्फच्या संस्थानिकाची दरबारी चित्रकार. आणि १७४७ साली काढलेल्या चित्रावर सहीशेजारी तिने वय लिहिलं, ८३. अभिमानाने लिहिलंय ते, आणि का लिहू नये!

तिची फुलं बोस्खार्टसारखी शिस्तीत उभी राहत नाहीत. ती झुकतात, वळतात, एखादा देठ पार उलटा होऊन फुलाची मागची बाजू दाखवतो. मला तिच्या चित्रात फुलाची पाठ बघायला फार आवडतं, हिरवट, शिरा असलेली, जी गुच्छ करणारा आपल्याला कधी दाखवत नाही. आणि फुलं तरी कुठली कुठली! निवडुंग, कृष्णकमळाच्या जातीचं फूल, आणि चक्क धोत्रा. आपल्याकडे महादेवाला वाहतात तो धोत्रा, तिच्याकडे पिओनीच्या शेजारी मानाने बसलाय.

ही फुलं तिला मिळाली कुठून, तर अ‍ॅमस्टरडॅमच्या औषधी बागेतून. वडील १६८५पासून त्या बागेत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ही बाग उभी करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते यान कोमेलिन. इथे एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. मलबारचा डच गव्हर्नर फान रेडे याने तिथल्या वनस्पतींवर जो बारा खंडांचा ग्रंथ करवला, 'होर्टुस मलाबारिकुस', १६७८पासून अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला, त्याच्या संपादनात हेच कोमेलिन होते. आणि त्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचं निवेदन छापलंय, नागरी लिपीत, कोंकणीत. म्हणजे ज्या बागेतली फुलं राखेलने काढली त्या बागेच्या माणसांच्या टेबलावर कोंकणी वैद्यांचं ज्ञान पोचलेलं होतं. मला हे कळलं तेव्हा मी किती जणांना फोन करून सांगितलं! अर्थात ही वाट जहाजांची होती आणि ती जहाजं व्यापारी कंपनीची होती, जिची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. या चित्रांतली चिनी मातीची भांडी, पूर्वेकडचे शिंपले, सगळं त्याच जहाजांतून आलं, आणि त्या व्यापारात जुलूम भरपूर होता. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर जायफळासाठी १६२१ साली या कंपनीने केलेल्या कत्तलीबद्दल वाचलं की त्या सुंदर शिंपल्याकडे नुसतं सुंदर म्हणून बघवत नाही. मी तरीही बघते, पण ते डोक्यात असतं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. यान फान हाउसम, १६८२ ते १७४९, अ‍ॅमस्टरडॅम. हा माणूस आपल्या स्टुडिओत कुणाला येऊ द्यायचा नाही, सख्ख्या भावांनाही नाही, रंग कसे करतो हे कुणाला कळू नये म्हणून. त्याच्या काही चित्रांवर दोन सालं लिहिलेली आहेत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे त्यावर १७३६ आणि १७३७. म्हणजे एक उन्हाळा गेला, फूल आलं नाही, चित्र तसंच ठेवलं, दुसरा उन्हाळा आला. १७४२ साली एका गिऱ्हाइकाला तो पत्रात कळवतो की चित्र पुरं झालेलं नाही, कारण गेल्या वर्षी पिवळा गुलाब मिळाला नाही. एवढा कसबी हात, आयुष्यभर गुलाब काढलेले, डोळे मिटून काढू शकला असता. गिऱ्हाईक सरदारदरबारचं, पैसे अडकलेले. तरी नाही. फूल समोर पाहिजे. या एका पत्रासाठी मी त्याला त्याचा सगळा तुसडेपणा माफ करते.

आणि याच पिवळ्या रंगाने पुढे दगा दिला. फान हाउसमच्या चित्रांत आज पानं निळसर दिसतात, अगदी विचित्र निळी, नवख्या माणसाला वाटतं की ही त्याची शैलीच असेल. तसं नाही. हिरवा करताना निळ्यावर वनस्पतींपासून केलेल्या पिवळ्याचा पातळ थर दिलेला असायचा, तो पिवळा उजेडाने उडून गेला आणि खालचा निळा उरला. पिवळ्या गुलाबांचंही तसंच. त्यासाठी बरेच चित्रकार हरताळ वापरायचे, आर्सेनिकचा, विषारी पण झगझगीत पिवळा. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये अब्राहम मिन्योंचं फुलं आणि घड्याळाचं चित्र आहे, त्यातला पिवळा गुलाब आज सपाट दिसतो, छाया नाही, खोली नाही, जणू कापून चिकटवलेला कागद. बाकी सगळी फुलं गोलाई धरून आहेत आणि हाच एक मेल्यासारखा. अँटवर्पच्या संशोधकांनी २०२२ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हरताळाचं विघटन होऊन आर्सेनिक शिशाबरोबर मिळून रंगहीन संयुगं तयार झाली, म्हणून गुलाब फिका पडला. पण एक्स-रे वापरून त्यांनी चित्रातल्या आर्सेनिकचा नकाशा काढला, आणि त्या नकाशात मिन्योंने रंगवलेल्या पाकळ्या आणि त्यांच्या सावल्या पुन्हा दिसतात. डोळ्याला गेलेला गुलाब यंत्राला अजून दिसतो.

राइक्सम्युझियमच्या साइटवर ही चित्रं फुकट उतरवून घेता येतात, इतक्या मोठ्या आकारात की एकेक मुंगी बघता येते. शनिवारी-रविवारी थोडा वेळ असेल तर राउसचं एखादं, मिन्योंचं हे आणि फान हाउसमचं एखादं अशी तीन उघडून बसा. आधी हिरवं पान शोधा आणि ते निळं झालंय का बघा, मग पिवळा गुलाब. मग एकेक फूल घेऊन ते कुठल्या महिन्यातलं आहे ते लिहीत जा, ट्यूलिपपुढे एप्रिल, गुलाबापुढे जून, असं. माझ्या वहीत राउसच्या एका गुच्छाची अशी यादी अर्धीच झालीय, दोन फुलं अजून ओळखता आलेली नाहीत, कुणा वनस्पतीवाल्याला ओळखू आली तर मला जरूर सांगा.